सी मधल्या सॉकेटचे एरर: ‘नाही’ नेमकं कोण म्हणालं ते कसं ओळखायचं?

सी मध्ये पहिला सर्व्हर आणि पहिला क्लायंट लिहायला जेमतेम पन्नास-साठ ओळी लागतात. तरी कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या प्रॅक्टिकलला सगळ्यात जास्त वेळ याच ओळी खातात. कोड कंपाइल होतो, वॉर्निंगसुद्धा येत नाही, आणि चालवला की स्क्रीनवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. मग पोर्ट नंबर बदलून बघतात, मित्राचा कोड आणतात, लॅपटॉप रीस्टार्ट करतात. त्यातलं एखादं लागूही पडतं. पण का लागू पडलं ते कळलेलं नसतं, आणि व्हायवाला नेमकं तेच विचारतात.

सुरुवातीला एक गोष्ट. फंक्शनची आणि एररची नावं या लेखात आपण बोलतो तशी लिहिली आहेत; कोडमध्ये ती नेहमीच्या स्पेलिंगनेच टाइप करायची. उदाहरणं लिनक्सची आहेत. अँड्रॉइडचं कर्नलही लिनक्सच आहे, त्यामुळे फोनवर टर्मक्समध्ये क्लँग कंपायलर टाकून सराव करणाऱ्यांना जवळपास सगळं जसंच्या तसं चालेल. फोनवर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

सॉकेटचा हा इंटरफेस १९८३ साली बर्कलीच्या ४.२ बीएसडी या युनिक्समधून सगळीकडे पसरला. त्याच्या एररची यादी लांबलचक आहे, पण ती पाठ करायची गरज नाही. एरर आला की एकच प्रश्न विचारायचा: ‘नाही’ कोण म्हणालं? उत्तरं तीनच आहेत. एक, तुमच्याच मशीनच्या कर्नलने नकार दिला. पॅकेट बाहेर पडलंच नाही. दोन, पॅकेट समोरच्या मशीनपर्यंत पोचलं आणि तिथल्या कर्नलने नकार दिला. तीन, कोणीच काही बोललं नाही आणि तुमचं कर्नल वाट बघून कंटाळलं. या तिघांपैकी कोण ते कळलं की अर्धा शोध संपतो, कारण कोणत्या मशीनवर आणि कोणत्या ओळीत बघायचं ते ठरतं. यापलीकडे एक चौथा प्रकार आहे, ज्यात कोणीच ‘नाही’ म्हणत नाही, सगळं ‘हो’ म्हणतात आणि तरी डेटा चुकतो. तो सगळ्यात वाईट. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी एरर दिसू तरी द्या

सॉकेट, बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट, कनेक्ट, सेंड, रिसीव्ह ही सगळी फंक्शन फसली की उणे एक परत देतात आणि कारणाचा नंबर एरनो या व्हेरिएबलमध्ये ठेवतात. प्रत्येक कॉलनंतर उणे एक आलं का ते बघा आणि आलं असेल तर पीएरर हे फंक्शन बोलवा. त्याला नुसतं ‘एरर’ असं नाव देऊ नका, कॉलचं नाव द्या. ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ हा एरर बाइंडमधून आला तर बहुतेक वेळा तेच सॉकेट दुसऱ्यांदा बाइंड केलेलं असतं. ॲक्सेप्टमधून आला तर लिसन करायचं राहून गेलेलं असतं. मेसेज तोच, पण दुखणं वेगळं. बाइंड तपासलंच नाही तर ते फसल्याचं कळत नाही आणि लिसन मात्र यशस्वी होतं. कर्नल स्वतःच्या मनाने एखादं रिकामं पोर्ट देऊन टाकतं. सर्व्हर ‘चालू’ दिसतो, पण तुम्ही समजता त्या पोर्टवर तो नसतोच.

एरनोची आणखी एक खोड आहे. कॉल यशस्वी झाला तर एरनो शून्य होतो असं नाही; मागचा जुना आकडा तसाच राहू शकतो. आणि कॉल फसल्यावर मध्ये एखादा प्रिंटएफ घातला तर तोही आकडा बदलू शकतो. म्हणून कॉल फसला की एरनो लगेच वाचायचा, आणि फसला नसेल तर त्याकडे बघायचंच नाही.

कंसांची एक चूक अनेक कोडमध्ये सापडते. इफच्या आत सॉकेटची किंमत एफडीमध्ये टाकायची आणि ती शून्यापेक्षा लहान आहे का तेही बघायचं, असं एकाच ओळीत लिहिताना नेमणुकीभोवतीचा कंस राहतो. सी मध्ये तुलना आधी होते, नेमणूक नंतर. सॉकेट नीट उघडतं, तुलनेचं उत्तर येतं शून्य, आणि एफडीमध्ये ते शून्य जाऊन बसतं. शून्य नंबरचा डिस्क्रिप्टर म्हणजे तुमचा कीबोर्ड! मग बाइंड म्हणतं, ‘सॉकेट ऑपरेशन ऑन नॉन-सॉकेट’, नंबर ८८. हाच घोळ ॲक्सेप्टच्या ओळीत झाला आणि वाचायला तुम्ही रीड वापरलं, तर एररसुद्धा येत नाही. सर्व्हर बापडा क्लायंटऐवजी कीबोर्डवरून काहीतरी यायची वाट बघत बसतो.

एररच्या नंबरवर कोडमध्ये तुलना करू नका, नावावर करा. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ लिनक्सवर ९८ आहे, मॅकवर ४८ आणि विंडोजवर १००४८. विंडोजचा विषय निघालाच आहे तर तिथे एरनो चालत नाही, डब्ल्यूएसए-गेट-लास्ट-एरर लागतं. शिवाय सगळ्यात आधी डब्ल्यूएसए-स्टार्टअप बोलवावं लागतं, नाहीतर पहिल्याच कॉलला १००९३ येतो. टर्बो सी वर मात्र प्रयत्नही करू नका. तो डॉसच्या काळातला कंपायलर आहे, लिनक्सची सॉकेटची हेडर फाइल त्याच्याकडे नाहीच.

नकार घरातूनच: बाइंडच्या आसपासचे एरर

‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ सगळ्यांना भेटतो. सर्व्हर कंट्रोल-सी ने बंद केला, कोड बदलला, परत चालवला आणि हा एरर. एक मिनिट थांबून चालवलं तर चालतो. कधी कधी लगेचही चालतो, आणि त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

यामागे नियम आहे. टीसीपीमध्ये जी बाजू कनेक्शन आधी बंद करते, ती ‘टाइम-वेट’ अवस्थेत जाते. जुन्या कनेक्शनचं वाटेत रेंगाळलेलं पॅकेट नव्या कनेक्शनमध्ये घुसू नये, यासाठी लिनक्स ते पोर्ट ६० सेकंद अडवून ठेवतं. क्लायंटने आधी बंद केलं तर ती वाट क्लायंटच्या वाट्याला येते आणि सर्व्हर लगेच उठतो. सर्व्हर आधी मारला तर सर्व्हर अडकतो. उपाय म्हणजे सेट-सॉक-ऑप्ट वापरून रीयूज-ॲड्रेस हा ऑप्शन चालू करायचा, तोही बाइंडच्या आधी. बाइंडनंतर लावला तर काही उपयोग नाही.

ऑप्शन लावूनही ९८ येत असेल तर समजायचं की दुसरा कोणीतरी खरोखरच त्या पोर्टवर लिसन करतोय. बहुतेकदा तो तुमचाच जुना सर्व्हर असतो, कारण तुम्ही कंट्रोल-सी ऐवजी कंट्रोल-झेड दाबलेलं असतं. कंट्रोल-झेडने प्रोग्राम मरत नाही, नुसता गोठतो. पोर्ट त्याच्याच हातात राहतं. गंमत म्हणजे अशा गोठलेल्या सर्व्हरला क्लायंट कनेक्टसुद्धा होतो! कारण कनेक्शन जोडण्याचं काम कर्नल करतं, तुमचा ॲक्सेप्ट नाही; कर्नल ते जोडून रांगेत ठेवतं. क्लायंटला वाटतं जोडलं गेलो, आणि उत्तर कधीच येत नाही. जॉब्स कमांडने गोठलेले प्रोग्राम दिसतात, एफजी ने पुढे आणून कंट्रोल-सी करा. लॅपटॉपवर एसएस कमांडने कोणतं पोर्ट कोणाकडे आहे तेही कळतं. अँड्रॉइड १० पासून फोनवर मात्र साध्या ॲपला ही माहिती मिळत नाही, त्यामुळे टर्मक्समधली सगळी सेशन बंद करून बघणं हाच सोपा मार्ग.

‘परमिशन डिनाइड’ बाइंडमधून आला तर पोर्ट १०२४ च्या खाली आहे. ही पोर्ट सहसा रूटसाठी राखीव असतात. पण तुम्ही पोर्ट ८१९२ दिलंय आणि तरीही हा एरर येतोय, असं होऊ शकतं का? होऊ शकतं. नेटवर्कवर आकड्यातला मोठा बाइट आधी जातो. तुमचा लॅपटॉप आणि फोन मात्र लहान बाइट आधी ठेवतात. ही अदलाबदल करायला एचटॉन्स हे फंक्शन आहे, पूर्ण नाव ‘होस्ट टू नेटवर्क शॉर्ट’. ते विसरलात की ८१९२ चे दोन बाइट उलटे वाचले जातात आणि कर्नलला पोर्ट दिसतं ३२. म्हणून नकार. ८०८० घेतलं असतं तर ते ३६८९५ झालं असतं, आणि तिथे कोणी हटकलंही नसतं.

‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’, नंबर ९९, म्हणजे तुम्ही जो आयपी बाइंडला दिला तो या मशीनचा नाहीच. दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून आणलेल्या कोडमध्ये त्याचा आयपी तसाच राहिलेला असतो, किंवा वाय-फाय बदलल्यावर तुमच्या फोनला नवा आयपी मिळालेला असतो. सर्व्हरला आयपी द्यायच्या भानगडीत पडू नका, ‘एनी’ म्हणजे ०.०.०.० वापरा. ‘ॲड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड’ आला तर ॲड्रेसचं स्ट्रक्चर मेमसेटने शून्य केलंय का आणि फॅमिलीचं फील्ड भरलंय का ते बघा. बस, एवढंच.

नकार समोरून: रिफ्यूज्ड, रीसेट, ब्रोकन पाइप

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, नंबर १११, हा एरर बघून मुलं हताश होतात. खरं तर ही चांगली बातमी आहे. समोरून उत्तर आलंय! आयपीवर मशीन आहे, ते चालू आहे, नेटवर्क ठीक आहे, तुमचं पॅकेट पोचलं आणि तिथल्या कर्नलने परत कळवलं की या पोर्टवर कोणी लिसन करत नाही. क्वचित एखादं फायरवॉलही असा नकार देतं, पण प्रॅक्टिकलमध्ये ते सोडून द्या. क्लायंटचं कनेक्ट दहा वेळा तपासण्यापेक्षा सर्व्हरच्या मशीनवर जा.

तिथे काय बघायचं? सर्व्हर जिवंत आहे का. लिसन बोलवलंय का, कारण नुसत्या बाइंडने पोर्ट उघडत नाही. दोन्हीकडे पोर्ट तेच आहे का. इथे एचटॉन्स पुन्हा भेटतो. सर्व्हरमध्ये तो आहे आणि क्लायंटमध्ये नाही, तर एक ८०८० वर आणि दुसरा ३६८९५ वर. याहून बेरकी प्रकार म्हणजे दोघंही विसरलेत. दोघंही ३६८९५ वर भेटतात आणि प्रोग्राम मस्त चालतो. सबमिशनही होतं. नंतर कधी दुसऱ्याच्या बरोबर लिहिलेल्या क्लायंटशी जोडायची वेळ आली की रिफ्यूज्ड, आणि दोष बिचाऱ्या बरोबर लिहिणाऱ्यावर जातो.

आणखी एक कारण म्हणजे १२७.०.०.१. हा आयपी म्हणजे ‘मी स्वतः’. सर्व्हरने तो बाइंड केला तर फक्त त्याच मशीनवरचे क्लायंट पोचतात. दुसऱ्या फोनवरून बघितलं तर ते पोर्ट बंदच दिसतं. उलट बाजूने, एकाच लॅपटॉपवर चालणारा क्लायंट तसाच उचलून फोनवर टाकला, तर तो १२७.०.०.१ वर म्हणजे फोनवरच सर्व्हर शोधतो. तिथे सर्व्हर नसतो आणि रिफ्यूज्ड म्हणणारं कर्नल तुमच्या फोनचंच असतं.

‘कनेक्शन रीसेट बाय पीअर’, नंबर १०४, म्हणजे कनेक्शन जुळलं होतं, पण समोरच्याने ते हिसका देऊन तोडलं. एक कारण फारसं कोणी सांगत नाही. समोरच्याकडे तुमचा डेटा येऊन पडलाय, त्याने तो पूर्ण वाचला नाही आणि क्लोज केलं, तर लिनक्स सभ्यपणे निरोप न घेता रीसेट पाठवतं. म्हणून ‘माझा सर्व्हर उत्तर पाठवून नीट क्लोज करतो, तरी क्लायंटला रीसेट का?’ असा प्रश्न पडला तर बघा, सर्व्हरने क्लायंटचं सगळं बोलणं वाचलं होतं का.

आता एक खून. सर्व्हर मध्येच मरतो. कोणता मेसेज नाही, पीएररची ओळ नाही, प्रॉम्प्ट परत आलेला. समोरच्याने बंद केलेल्या कनेक्शनवर तुम्ही लिहिता तेव्हा पहिलं सेंड बहुतेकदा यशस्वी होतं, कारण डेटा फक्त कर्नलच्या बफरमध्ये गेलेला असतो. समोरून रीसेट येतं. त्यानंतरच्या सेंडला कर्नल तुमच्या प्रोग्रामला सिगपाइप हा सिग्नल देतं, आणि त्या सिग्नलचा ठरलेला परिणाम म्हणजे प्रोग्राम ठार. उणे एक तपासणारा तुमचा इफ चालायची वेळच येत नाही. प्रोग्रामच्या सुरुवातीला सिगपाइपकडे दुर्लक्ष करायला सांगा, किंवा सेंडला नो-सिग्नल फ्लॅग द्या. मग तोच प्रसंग ‘ब्रोकन पाइप’, नंबर ३२, या साध्या एररच्या रूपात हातात येतो. एक क्लायंट निघून गेला म्हणून सगळ्यांचा सर्व्हर पडावा, हे अजिबात चालणारं नाही. माझ्या मते ही ओळ पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवायला हवी.

कोणीच बोलत नाही

‘कनेक्शन टाइम्ड आउट’, नंबर ११०. पॅकेट गेलं, उत्तर नाही. लिनक्स नेहमीच्या सेटिंगमध्ये पहिल्या प्रयत्नानंतर आणखी अनेक वेळा तेच पॅकेट पाठवतं, थांबायची वेळ वाढवत नेत, आणि सुमारे दोन मिनिटांनी हार मानतं. क्लायंट दोन मिनिटं ढिम्म बसला असेल तर तो हँग झालेला नाही, वाट बघतोय. अशी शांतता बहुधा फायरवॉलमुळे येते. विंडोज लॅपटॉपवर सर्व्हर आणि फोनवर क्लायंट अशी जोडी असेल तर पहिला संशय लॅपटॉपच्या फायरवॉलवर घ्या. तो पॅकेट गुपचूप टाकून देतो.

दोन-तीन सेकंदांतच ‘नो रूट टू होस्ट’, नंबर ११३, आला तर गोष्ट वेगळी. तो आयपी तुमच्याच लोकल नेटवर्कमधला आहे, तुमच्या कर्नलने ‘हा आयपी कोणाचा?’ असं नेटवर्कवर ओरडून विचारलं आणि कोणी ओ दिली नाही. आयपी चुकला असेल किंवा ते मशीन झोपलं असेल. कॉलेज किंवा हॉस्टेलच्या वाय-फायवर तिसरी शक्यता असते. अनेक ठिकाणी एका डिव्हाइसने दुसऱ्याशी थेट बोलू नये अशी सेटिंग राउटरवर केलेली असते. दोघांनाही नेट मस्त चालतं, पण एकमेकांना दोघंही दिसत नाहीत. कोडमध्ये काही सापडणार नाही. एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा, दुसरा त्याला जोडा आणि परत बघा. बाइट एका फोनमधून दुसऱ्यात जातात, इंटरनेटवर जातच नाहीत, त्यामुळे डेटा पॅक खर्च होत नाही.

‘नेटवर्क इज अनरीचेबल’, नंबर १०१, हा एरर ताबडतोब येतो. तो पुन्हा तुमच्याच कर्नलचा: या पत्त्याकडे जायला माझ्याकडे वाटच नाही. फोन फ्लाइट मोडवर नाही ना, ते बघा. तसं नसेल तर आयपीची स्ट्रिंग तपासा. जुनं आयनेट-ॲडर फंक्शन चुकीच्या स्ट्रिंगला जी किंमत परत देतं, ती २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यासारखीच दिसते, आणि तिथे टीसीपी कनेक्शन होत नाही. त्याऐवजी आयनेट-पीटॉन वापरा. ते बरोबर असेल तर १ देतं आणि स्ट्रिंग चुकीची असेल तर शून्य. उणे एक नाही, शून्य!

आता फोनवाल्यांचा नेहमीचा प्रश्न. मोबाइल डेटावर माझ्या फोनवर सर्व्हर चालवला, मित्राला आयपी दिला, त्याला कनेक्ट का होत नाही? कारण तो आयपी बहुधा तुमच्या एकट्याचा नसतो. आयपीव्ही४ चे पत्ते अपुरे असल्यामुळे मोबाइल कंपन्या खूप ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. फोनमध्ये १० ने सुरू होणारा किंवा १००.६४ ते १००.१२७ यांमधला पत्ता दिसला तर तुम्ही अशा पत्त्यामागे आहात. हा दुसरा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवला गेला. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत कोणी येऊ शकत नाही. लिसन, ॲक्सेप्ट सगळं बरोबर लिहूनही ॲक्सेप्ट जन्मभर थांबून राहील.

एरर नाही, तरीही चूक

इथवरचे एरर त्रास देतात, पण प्रामाणिक आहेत. आता ज्यात सगळे कॉल यशस्वी होतात ते बघू. चॅट प्रोग्राममध्ये अर्धा मेसेज गायब होणं ही फक्त किरकिर आहे. हीच चूक उद्या नोकरीत पैशाच्या किंवा औषधाच्या नोंदी पाठवणाऱ्या कोडमध्ये गेली तर तिथेही एरर येणार नाही.

मुळातला गैरसमज असा, की एक सेंड म्हणजे एक रिसीव्ह. टीसीपीमध्ये ‘मेसेज’ नावाची गोष्टच नाही. तो नळासारखा आहे. तुम्ही दोन बादल्या ओतल्या म्हणून समोर दोन बादल्याच निघतील असं नाही. दोन सेंड एका रिसीव्हमध्ये चिकटून येऊ शकतात, एक सेंड तीन रिसीव्हमध्ये तुटून येऊ शकतो. फक्त क्रम बदलत नाही. एकाच लॅपटॉपवर तपासताना हे सहसा दिसत नाही, कारण लिनक्सच्या लूपबॅकमधून एका वेळी ६५५३६ बाइटपर्यंतचं पॅकेट जाऊ शकतं. वाय-फायवर पॅकेटची मर्यादा साधारण १५०० बाइट. हेडर वजा जाता जास्तीत जास्त १४६० उरतात. म्हणून ‘माझ्या लॅपटॉपवर चालत होतं’ हे वाक्य इथे शब्दशः खरं असतं.

मराठीत मेसेज पाठवणाऱ्यांना ही चूक लवकर पकडता येते, हा आपला फायदा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘नमस्कार’ या शब्दात न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. आता पॉइंटरमध्ये ठेवलेला हा शब्द पाठवताना लांबी म्हणून साइझऑफ दिला, तर ६४ बिटच्या मशीनवर उत्तर येतं ८, कारण तो पॉइंटरचा आकार आहे, शब्दाचा नाही. आठ बाइट जातात: न पूर्ण, म पूर्ण, आणि स चे दोन तृतीयांश. समोर दिसतं ‘नम’ आणि पुढे प्रश्नचिन्हाची चौकट. इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग’चं शेपूट तुटलं असतं आणि कदाचित टायपिंगची चूक वाटली असती. इथे स्ट्रलेन हवं होतं.

१०२४ चा बफर घेतला तरी तेच. १०२४ ला तीनने भाग जात नाही. नुसतं देवनागरी असलेल्या मजकुरात ३४१ चिन्हं बसतात आणि पुढच्याचा एक बाइट उरतो. तो तुकडा वेगळ्या ओळीत छापला की दोन्ही ओळींत चौकटी दिसतात. फॉन्ट बदलून उपयोग नाही, बाइट जोडून मगच छापायला हवेत.

उपाय एकच आहे: मेसेज कुठे संपतो हे तुम्ही स्वतः ठरवायचं. मला आवडणारी पद्धत म्हणजे आधी चार बाइटमध्ये मेसेजची लांबी पाठवायची, एचटॉनएल लावून, आणि मग तेवढे बाइट. घेणाऱ्याने लूपमध्ये रिसीव्ह करत आधी ते चार बाइट पूर्ण जमवायचे (हो, चारही तुटून येऊ शकतात), लांबी अवाच्या सवा नाही ना ते बघायचं, आणि मग तेवढे बाइट होईपर्यंत थांबायचं नाही. सेंडही कमी बाइट पाठवू शकतो. त्याने किती पाठवले ते परत येणाऱ्या आकड्यात असतं, उरलेले पुन्हा पाठवायचे. चॅटसारख्या छोट्या कामाला प्रत्येक मेसेजच्या शेवटी न्यूलाइन ही खूण पुरते.

रिसीव्हने शून्य दिलं तर तो एरर नाही. समोरच्याने बोलणं संपवलं आहे. हे तपासलं नाही की सर्व्हर रिकाम्या ओळी छापत गरगर फिरतो आणि फोन गरम होतो. आणि आलेल्या डेटाच्या शेवटी शून्य बाइट आपोआप येत नाही. बफरच्या आकारापेक्षा एक कमी मागा, आणि आकडा शून्यापेक्षा मोठा असेल तरच त्या जागी शून्य ठेवा. न तपासता ठेवलं आणि आकडा उणे एक असला, तर बफरच्या आधीच्या मेमरीत लिहिलं जातं. स्क्रीनवर आधीच्या मेसेजचं शेपूट दिसत असेल तर हा शून्य बाइटच राहिलेला असतो.

दोन्ही बाजू एकाच वेळी रिसीव्हमध्ये बसल्या तर ‘पहले आप’ सुरू होतं आणि काहीच घडत नाही. सेट-सॉक-ऑप्टने रिसीव्हला पाच-दहा सेकंदांची मुदत लावा. मुदत संपली की ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’, नंबर ११, मिळतो आणि कोण कुठे अडकलंय ते कळतं.

चूक कोणाकडे, ते नेटकॅटला विचारा

दोन्ही प्रोग्राम तुमचेच असले की संशय दोघांवर जातो. त्यातला एक बाजूला काढा. नेटकॅट हे छोटं टूल सर्व्हर किंवा क्लायंट दोन्ही होऊ शकतं. तुमच्या सर्व्हरला नेटकॅटने जोडून बघा. जोडलं गेलं तर दोष तुमच्या क्लायंटमध्ये. रिफ्यूज्ड आला तर सर्व्हरमध्ये. दोन्हीकडे एचटॉन्स विसरलेली जोडी इथे लगेच उघडी पडते, कारण नेटकॅट ती चूक करत नाही. आधी त्याच मशीनवरून १२७.०.०.१ ला, मग त्याच मशीनवरून तिच्या वाय-फायच्या आयपीला, मग दुसऱ्या फोनवरून, या क्रमाने तपासा. जिथे पहिल्यांदा बिघडतं, तिथे बघा.

आणि सर्व्हर बराच वेळ नीट चालून अचानक ॲक्सेप्टमधून ‘टू मेनी ओपन फाइल्स’, नंबर २४, देऊ लागला, तर ॲक्सेप्टने दिलेला डिस्क्रिप्टर काम झाल्यावर क्लोज केलाय का ते बघा. अनेक लिनक्स मशीनवर एका प्रोग्रामला १०२४ डिस्क्रिप्टरची मर्यादा असते. शून्य, एक, दोन आधीच वापरात, एक लिसनचा, उरतात १०२०. म्हणजे १०२० वा क्लायंट खुशीत आत येतो आणि १०२१ वा अडकतो. प्रॅक्टिकलच्या दोन क्लायंटवर हे कधीच दिसणार नाही. लूपमध्ये कनेक्ट करणारा छोटा क्लायंट लिहून दोन हजार वेळा चालवा, मिनिटभरात समोर येईल.